पाणबुडीवाल्या भाच्याकडे आठ दिवस

मी अकोटची. समुद्र पाहिला तो अडुसष्टाव्या वर्षी, विशाखापट्टणमला. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा गजानन तिथे नौदलात आहे. पाणबुडीवर काम करतो, म्हणजे करत होता. परत आल्यापासून शेजारच्या बाया विचारतात, समुद्र कसा असतो, पाणबुडी कशी असते, आतमध्ये श्वास कसा घेतात. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. शाळा चौथीपर्यंत झाली आहे. तेवढ्यात भागतं.

जायचं ठरलं वैशालीच्या फोनमुळे. वैशाली म्हणजे गजूची बायको, वलगावची, भाजीच्या मळ्यावर वाढलेली. म्हणाली, "आत्याबाई, पंधरा दिवसांत यांची बोट निघून राह्यली. मंग दोन महिने पत्ता नाई. भेटायचं असन तर आताच या." मी पाच किलो ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, मुगवड्या आणि वाळलेल्या लाल मिरच्या बांधल्या आणि अकोल्याहून गाडीत बसले. गाडीतलं सांगण्यासारखं काही नाही. पिठाची पिशवी खालून उसवली आणि समोरच्या माणसाचे बूट पांढरे झाले, एवढंच.

क्वार्टर

चार मजली बिल्डिंग. सगळ्या घरांत पाणबुडीवालेच. कोणी पंजाबचे, कोणी केरळचे, कोणी ओडिशाचे. गजू तिसऱ्या मजल्यावर. घर स्वच्छ होतं, पण त्या घरात आवाज होत नव्हता. गजू दार लावतो ते कळत नाही. ताट खाली ठेवतो, वाजत नाही. चालतो मांजरासारखा.

"पाठीमागं येऊन उभे राह्यते अन् मले धडकी भरते," वैशाली म्हणाली. "मी म्हनलं, पायात घुंगरू बांधा."

गजू हसला. "सवय आहे, आत्या. बोटीत एखाद्याच्या हातून पाना पडला तर तो आवाज कुठच्या कुठं जाते. मशिनीसुद्धा रबरावर बसवलेल्या असते, त्यांची थरथर पाण्यात जाऊ नये म्हून. आचाऱ्यानं डाव आपटला तरी साहेब डोये वटारते."

जेवणाचं सांगते. तिथे दोन्ही वेळ भात. सगळ्यात चिंच. मिरची आपल्यापेक्षा तिखट आहे हे कबूल करते, पण तिखटात आंबट ओतलं की माझ्या लेखी दोन्ही वाया गेलं. अंबाडी मात्र चांगली. ते तिला गोंगुरा म्हणतात आणि तेलात बुडवून बरणीत भरतात. पहिल्या दिवशी मी भाकरी थापली तेव्हा शेजारची मलयाळी बाई दारात उभी राहून बघत होती. तिला अर्धी दिली. तिने ती कॉफीत बुडवून खाल्ली.

समुद्र

दुसऱ्या दिवशी दुपारी गजूने समुद्र दाखवला. पाणी म्हणून मोठं आहे. पिता येत नाही, वावराला देता येत नाही. आवाज सतत. मी अकोटच्या जिनिंगमध्ये सव्वीस वर्षं कापसातला कचरा वेचला; तिथल्या यंत्रांचा असाच आवाज असे, फक्त जिनिंगला जेवणाची सुट्टी होती. पाय बुडवले तर एका लाटेने डावी चप्पल नेली. गजू धावला, पण ती गेलीच. उजवी मी पिशवीत ठेवली. एक नेली म्हणून दुसरीही त्यालाच द्यायची, असं काही नाही.

मग आम्ही वाळूवर बसलो आणि मी त्याला विचारलं, तू खाली नेमकं काय करतो.

"ऐकतो," तो म्हणाला. "थोडं खाली गेलं की उजेड संपला. रेडिओ पाण्यात चालत नाई. चालते फक्त आवाज, अन् तो हवेपेक्षा चौपटीहून जोरानं पयते. आमची बोट म्हंजे बिनखिडकीची खोली. बाहेर कोण आहे, कुठं आहे, किती लांब आहे, ते सारं आवाजावरून काढा लागते. मी कानाले यंत्र लावून बसतो. सोनार म्हणते त्याले."

"आवाज देऊन पाहत नाई का? विहिरीत खडा टाकला की पाणी कितीक खोल ते समजते."

"तसंही करता येते. इकडून टण्णकन आवाज सोडला की तो समोरच्यावर आपटून परत येते. पण मंग आपुन कुठं हाओ ते साऱ्या समुद्राले समजलं ना? म्हून आमी बोलत नाई. नुसतं ऐकतो."

ते मला पटलं. मी विचारलं, तुम्ही एवढे गप्प, तर दुसरेही गप्प असतील. मग कोण कोणाला सापडतो?

गजू खुशीत आला. वाळूवर बोटाने रेघ ओढली. "हे वरचं पाणी, उन्हानं तापलेलं. हे खालचं, गार. आवाज सरळ जात नाई, आत्या. गार पाण्याकडं झुकते. वरच्या जहाजानं सोडलेला आवाज असा वाकून खाली निघून जाते, अन् पुढं एक जागा अशी राह्यते की तिथं तो पोचतच नाई. सावलीसारखी. पाणबुडी त्या सावलीत जाऊन थांबते. वरून जहाज गेलं तरी त्याले पत्ता नाई."

"हे मले माईत आहे," मी म्हटलं.

"तुले कसं माईत?"

"हिवाळ्यात सकाळी वावरात असलं की जिनिंगचा भोंगा दोन कोसांवरून कानाशी वाजल्यावानी येत होता. तोच भोंगा दुपारी येत नव्हता. सकाळी भुई गार, दुपारी तापलेली. सकाळी आवाज भुईकडं झुकत असन, दुपारी आभाळाकडं."

गजू म्हणाला, "आमाले हे समजाले किती वर्ग करा लागले."

"तुमाले पगार देऊन शिकवलं. मी पायी वावरात जात होती."

तो मोठ्याने हसला. आठ दिवसांत तेवढं एकदाच.

वाळूवरची बोट

तिथे समुद्राकाठी एक जुनी पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे. लोकांना आतून पाहता येते. आम्ही तिघं गेलो. दाखवायला अप्पाराव म्हणून एक म्हातारे होते, स्वतः पाणबुडीवर जन्म घालवलेले, आता निवृत्त. हिंदी बोलत होते.

आत जाताना गोल भोकातून वाकून जावं लागतं. "अम्मा, सिर नीचे!" अप्पाराव ओरडले, तोवर माझं डोकं लोखंडाला लागलं होतं. पुढे पदर एका चाकात अडकला. मी ओढत होते. ते म्हणाले, "अम्मा, वो मत खींचो, हम सब भीग जाएंगे." मागची माणसं हसली. बोट वाळूवर आहे हे मलाही माहीत होतं, पण मी हात सोडला.

आत सगळीकडे नळ्या, चाकं, घड्याळं. निजायच्या फळ्या इतक्या अरुंद की कूस बदलायची तर खाली उतरून पुन्हा चढावं. एक फळी टॉरपेडोच्या वर होती. टॉरपेडो म्हणजे पाण्यातून धावणारा बॉम्ब. त्याच्यावर माणूस घोरत असे, असं अप्पाराव सांगत होते.

ऐकायची खोली आपल्या देवघराएवढी. अप्पारावांनी आम्हाला तिथे दाटीने उभं केलं आणि समुद्रातले आवाज यंत्रावर लावले. पहिला, ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतड. "ये झींगा है. चुटकी बजाता है. लाखों झींगे, दिनरात." दुसरा, म्हैस व्यायच्या आधी कण्हते तसा. तो देवमासा. तिसरा, चक्कीसारखा घरघर. ते मालाचं जहाज.

"अब यही फिर से सुनो," ते म्हणाले. "जहाज के नीचे एक और चीज छुपी है."

घरघर पुन्हा सुरू झाली. वैशाली म्हणाली, "हो, बारीक शिट्टी आहे. मच्छरावानी."

"शाबाश बेटी!"

मला शिट्टी ऐकू आली नाही. माझं नवल नाही. जिनिंगने माझे बारीक आवाज खाल्ले. कुकरची शिट्टी, चिमण्या, फोनची टिकटिक, काही येत नाही. जाड आवाज येतात. ऐकू न आलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक आहे. तो आधी इतरांची तोंडं पाहतो आणि मग हसतो, जरासा उशिरा. मी गजूकडे पाहिलं. त्याने वैशालीकडे पाहिलं, अप्पारावांकडे पाहिलं, आणि मग मान हलवून हसला.

"तुम तो इसी लाइन के हो," अप्पाराव त्याला म्हणाले. "बोलो, क्या है?"

"टॉरपेडो," गजू म्हणाला.

उत्तर बरोबर होतं. पण ते त्याने ऐकून दिलं नव्हतं. जहाजाच्या आवाजाखाली बारीक शिट्टी म्हटल्यावर त्या धंद्यातल्या कोणीही तेच सांगितलं असतं.

ठेचा

इथे जिनिंगची एक गोष्ट सांगावी लागेल. यंत्रं चालू असली की ओरडूनही ऐकू जात नाही. म्हणून आम्ही बाया आवाज न काढता बोलायचो. ओठ मोठे हलवायचे, बास. समोरची वाचायची. दिवसभर गप्पा, भांडणं, सासूच्या चुगल्या, सगळं बिनआवाजी. गजूची आई सतत आजारी असे, म्हणून तो चार वर्षं माझ्याकडे होता आणि शाळा सुटली की जिनिंगमध्ये येऊन बसायचा. आमचं बोलणं तो आमच्याइतकंच वाचायचा. एवढी वर्षं झाल्यावर मी ते विसरले होते.

बोट पाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठेच्यासाठी मिरच्या भाजत होते. मिरच्यांचा खाट सुटला, ठसका लागत होता, म्हणून पदर नाकातोंडावर धरला होता. गजू दाराशी स्टुलावर लसूण सोलत बसला होता. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता.

"गजू, मीठ कुठं आहे?" मी पदराआडून विचारलं.

"काय?"

पुन्हा विचारलं, जोरात.

"हो हो," तो म्हणाला आणि हसला.

मी गॅस बंद केला. पदर काढला. त्याच्याकडे वळून ओठ हलवले, आवाज काढलाच नाही. विचारलं, "तुया कोणता कान गेला?"

"उजवा," तो म्हणाला.

बाहेरून वैशालीने विचारलं, "उजवा काय?"

गजूचा चेहरा उतरला. लसूण खाली ठेवून तो म्हणाला, "उजवा गॅस बंद कर म्हनलं आत्याले."

सोमवार, वाळूवर

सकाळी आम्ही दोघंच गेलो. तो माझ्या उजवीकडे बसला, म्हणजे त्याचा डावा कान माझ्याकडे. आता माझ्या लक्षात येत होतं.

त्याने सांगितलं ते असं. वर्षापूर्वी बोटीवर जायच्या वेळी त्याला सर्दी होती. सांगितली असती तर किनाऱ्यावर ठेवलं असतं, म्हणून सांगितली नाही. पाणबुडी पाण्याच्या जरा खाली राहून वर नळी काढते आणि तिच्यातून हवा ओढून इंजिन चालवते. लाट आली की नळीचं झाकण मिटतं. इंजिन थांबत नाही, ते मग आतलीच हवा ओढतं आणि सगळ्यांचे कान दुखतात. सर्दीच्या माणसाचे जास्त. त्या दिवशी याच्या उजव्या कानाचा पडदा फाटला. दुखणं थांबलं. बारीक आवाज परत आले नाहीत.

"तपासत नाई का तुमाले?"

"वर्षातून एकदा. आता पुढच्या महिन्यात होती. बोट आधीच निघून राह्यली, म्हून आल्यावर होईन."

"अन् तोवर?"

"डावा आहे ना. शिवाय यंत्राच्या पडद्यावर आवाजाच्या रेघा येते. मी त्या पाहतो."

"परवाची ती शिट्टी पडद्यावर येते?"

"येते."

"कानाच्या आधी का मागून?"

तो वाळू चिवडत राहिला. "कधीकधी मागून."

"बोटीत किती जण राह्यता?"

"पन्नासाच्या वर."

मी त्याला सुमनचं सांगितलं. सुमन जिनिंगमध्ये माझ्या शेजारी बसायची. तिचे कान माझ्याआधी गेले, पूर्ण गेले. ओठ वाचून ती सगळं निभावून नेई. मुकादमाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. समजलं तर काम सुटेल म्हणून मी गप्प राहिले. एक दिवस ती पट्ट्याकडे पाठ करून वाकली होती आणि यंत्र सुरू झालं. आम्ही ओरडलो. पाठ फिरवलेल्या बाईला ओठ दिसत नाहीत. उजवा हात कोपरापासून गेला. पुढे अकरा वर्षं जगली. तिच्या घरासमोरून मी जात असे. तिने मला कधी काही विचारलं नाही.

"हे तू पयले कधी सांगितलं नाई," गजू म्हणाला.

"सांगण्यासारखं होतं का? बुधवारपर्यंत डॉक्टरले सांग. नाईतर मी सांगीन. तुमच्या नेव्हीचं गेट मले माईत आहे, अन् हिंदी येते."

"आत्या, मले हे एकच काम येते."

"मंग दुसरं शीक."

"तू माई वैरीण हायेस का?"

"अशीन."

तो उठून चालू लागला. मी मागून हळूहळू गेले. वाळूत मला भरभर चालता येत नाही.

मंगळवार

त्याने वैशालीला सांगितलं असावं, कारण दुपारी जेवायला वाढताना तिने माझं ताट आपटलं. त्या घरात मी ऐकलेला पहिला मोठा आवाज.

"आठ दिवसाच्या पावन्या तुमी, आत्याबाई. कायले उकरत बसल्या? मले माईत नसन का? वर्षभर त्यांच्या समोर तोंड करून बोलून राह्यली मी. पाठीमागून एक शब्द टाकत नाई."

"माईत होतं?"

"होतं."

"अन् गप्प राह्यली."

"हो, राह्यली! बोटीवरून उतरवलं तर हा मानूस उभा राहीन का? लहानपनापासून लोक म्हनते, गजूचा कान तेज, गजूचा कान तेज. तेच त्यांचं सारं. अकोटाले येऊन काय करन? कापूस येचन?"

"येचन," मी म्हटलं. "दोन हातांनी येचन."

गजू ताटावर होता. वैशाली त्याच्याकडे पाहत होती आणि तो भाताकडे. ती आत गेली. मी जेवले. वरणात चिंच होती.

बुधवार

गजू सातला कपडे करून निघाला. कुठे जातो ते सांगितलं नाही. वैशालीने चहा एकाच कपाचा ठेवला. मी माझा वेगळा केला. मग दोघी दोन खोल्यांत बसलो. मी तिच्याकडची तूर निवडून ठेवली, तिला नको असतानाही.

तीन वाजता तो आला. बूट काढले, आवाज न करता जागेवर ठेवले.

"उतरवलं," तो म्हणाला.

वैशालीने पुढचं विचारलं तेव्हा त्याने तुटक सांगितलं. डॉक्टरने दोन्ही कान तपासले. साहेबांनी बोलावलं. वर्षभर लपवलं म्हणून खूप बोलले. त्याची चौकशी होणार होती. त्याच्या जागी दुसरा माणूस त्याच दिवशी नेमला, चोवीस वर्षांचा. कानाच्या पडद्याचं ऑपरेशन होईल, पण बारीक आवाज परत येतील असं डॉक्टर म्हणाले नाहीत.

मी भाकरी वाढली. त्याने दोन खाल्ल्या. माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. म्हणजे मी काही बोलले तरी त्याला ते नको होतं.

परत

शुक्रवारी मी निघाले. गजूने पिशवी सीटखाली सरकवली आणि गाडी सुटायच्या आत उतरून गेला. वैशाली पाया पडली. डोळे कोरडे होते, हात घाईत होते. नव्या चपला तिनेच घेऊन दिल्या होत्या, त्या मला एक बोट मोठ्या होतात.

आता गजू किनाऱ्यावर सुट्या सामानाच्या गोदामात बसतो. चौकशी झाली, नोकरी राहिली. माझ्याशी बोलत नाही. भाऊ म्हणतो, तू उगाच मध्ये पडलीस, एका फेरीत काही झालं नसतं. नसतंही झालं. ते आता कोणालाच सांगता येणार नाही, भावालाही नाही.

मागच्या आठवड्यात वैशालीचा फोन आला. मी स्पीकर लावून कान जवळ नेला.

"बोट आली," ती म्हणाली.

"सारे आले?"

"सारे. बिल्डिंगीत घरोघरी मासे तळून राह्यले. जिन्यात उभं राहवत नाई, असा वास सुटला."

"अन् तुमच्या घरी?"

"आमच्या घरी वरण-भात."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.